दोनदा सुईने रिकामा केला, तरी लॅबचा कान पुन्हा का भरतो?

पत्राचा सारांश: सातारा जिल्ह्यातल्या एका वाचक ताईंकडे आठ वर्षांचा लॅब्रॅडॉर आहे, वजन ३६ किलो. आषाढातल्या एका सकाळी त्याच्या डाव्या कानाची पाळी फुगलेल्या पुरीसारखी टम्म झालेली दिसली. गावात गुरांना इंजेक्शनं देणाऱ्या एकांनी सुईने रक्त काढलं. चौथ्या दिवशी कान पुन्हा तेवढाच. दुसऱ्यांदा काढलं, पुन्हा तेच. आता ते तिसऱ्यांदा काढू म्हणतात, तालुक्याचे डॉक्टर ऑपरेशन सांगतात, सासरे म्हणतात या वयात भूल नको, आपोआप जिरेल. नवऱ्याला वाटतं, पाच वर्षांच्या मुलाने कान ओढला असणार. ताईंना वाटतं, दर रविवारी अंघोळ घालताना कानात पाणी गेलं, म्हणजे चूक आपलीच. कानाला दोन महिन्यांपासून वास येतो, पण लॅबला वास येतोच म्हणून लक्ष दिलं नाही. मध्ये एकदा लसणाचं कोमट तेल घातलं. पत्र संपता संपता आणखी दोन गोष्टी येतात: पावसाळा लागला की तो पंजे चाटत बसतो, आणि सांध्यांसाठी मेलॉक्सिकॅमची गोळी अधूनमधून चालू असते. ताईंचा प्रश्न आहे, सुई की ऑपरेशन? आणि ही कॅन्सरची गाठ तर नसेल?

ताई,

कॅन्सरची भीती आधी बाजूला ठेवू. एका रात्रीत आलेली, मऊ, दाबली तर आत पाणी हलल्यासारखी वाटणारी, पाळीच्या आतल्या बाजूला पसरलेली आणि सुई घातल्यावर रक्त निघालेली सूज बहुतेक वेळा रक्त साकळल्याचीच असते. डॉक्टर तिला हिमॅटोमा म्हणतात. कॅन्सरची गाठ अशी रातोरात कान भरून टाकत नाही. कानाच्या नळीत खोलवर काही वाढलेलं आहे का, हे मात्र बघावं लागेल. त्याबद्दल पुढे लिहिते.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात मोलाची वाटली ती शेवटी, जाता जाता लिहिलेली पंजे चाटण्याची गोष्ट. दुसरी, दोन महिन्यांच्या वासाची. घरात चर्चा चालली आहे ती फुगलेल्या पाळीची, आणि दुखणं बहुधा त्या पाळीखालच्या नळीत आहे.

पाळीत काय होतं ते आधी समजून घ्या. कुत्र्याच्या कानाची पाळी म्हणजे मध्ये कूर्चेचा पातळ पडदा आणि दोन्ही बाजूंना ताणून बसलेली त्वचा. या पडद्याला आरपार जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या असतात. कुत्रा डोकं जोरात झटकतो तेव्हा लोंबता कान कवटीवर आपटतो, पडदा वाकतो, कधी चिरतो, आणि एखादी रक्तवाहिनी फुटते. रक्त बाहेर पडायला वाट नसते, म्हणून ते आतल्या बाजूच्या त्वचेखाली साठत जातं. जागा भरून आतला दाब वाढला की रक्त थांबतं. म्हणूनच सुई घालून ते काढलं की दाब जातो, पोकळी तशीच राहते, कुत्रा पुन्हा मान झटकतो आणि पोकळी पुन्हा भरते. तुमच्याकडे दोनदा झालं ते असं. सुई घालणाऱ्याचा हात वाईट होता असं नाही; नुसत्या सुईने बहुतेक कुत्र्यांत असंच होतं. तिसऱ्यांदा तेच केलं तर वेगळं काही घडायला कारण नाही. उलट प्रत्येक टोचणीबरोबर जंतू आत जाण्याची शक्यता वाढते, आणि साकळलेलं रक्त म्हणजे जंतूंना आयतं जेवण. कूर्चेत पू झाला तर आज साधं असलेलं ऑपरेशन अवघड होऊन बसतं.

म्हणून 'सुई की ऑपरेशन' याच्या आधीचा प्रश्न विचारा: तो मान का झटकतो?

मुलाने कान ओढला म्हणून हे झालं असण्याची शक्यता फार कमी. ओढण्याने किंवा मारामारीत चावा बसून रक्त साकळू शकतं, पण मग दोन महिने आधीपासून वास का यावा? मुलाला यातून मोकळं करा. त्याला एक गोष्ट मात्र आजच सांगा: कान बरा होईपर्यंत कुत्र्याच्या डोक्याला हात लावायचा नाही आणि तो झोपलेला असताना जवळ जायचं नाही. दुखऱ्या कानाला हात लागला तर एरवी गरीब असलेला लॅबही चावतो, आणि पाच वर्षांच्या मुलाचा चेहरा नेमका त्याच्या तोंडाच्या उंचीवर असतो.

आता अंघोळ. कुत्र्याच्या कानाची नळी आधी सरळ खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते. त्यात गेलेलं पाणी वळणावर अडकतं, वरून लोंबत्या पाळीचं झाकण, आणि बाहेर जून-जुलैची दमट हवा. यीस्ट नावाची बुरशी आणि जंतू निरोगी कानातही थोडे असतातच. ओल मिळाली की ते माजतात. तेव्हा पाण्याचा हात आहे, पण धडधाकट कानात चार थेंब पाणी गेल्याने कान वाहायला लागत नाही. पाणी ठिणगी टाकतं. सरपण आधीपासून रचलेलं असतं. दरवर्षी पावसाळ्यात पंजे चाटणाऱ्या आठ वर्षांच्या लॅबमध्ये ते सरपण बहुधा त्वचेची ॲलर्जी असते. तुम्ही अपराधी वाटून घेऊ नका, पण दर आठवड्याची अंघोळ डॉक्टरांशी बोलून ठरवा. त्वचेसाठी औषधी शाम्पू चालू नसेल तर निरोगी लॅबला महिन्यातून एकदा अंघोळ पुरते. अंघोळीपूर्वी कानाच्या तोंडाशी कापसाचा बोळा हलकेच ठेवायचा, डोक्यावर पाण्याचा मग ओतायचा नाही, तोंड ओल्या फडक्याने पुसायचं आणि बोळा आठवणीने काढायचा. आत राहिलेला कापूसही मान झटकायला लावतो.

ॲलर्जीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण लॅब आणि गोल्डन रिट्रीव्हर पाळणाऱ्या पुष्कळ घरांत हीच गोष्ट निराळ्या रूपात चालू असते. घरातल्या धुळीतले माइट नावाचे अतिबारीक किडे, बुरशीचे कण, गवताचे पराग यांची ॲलर्जी साधारण वयाच्या सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत सुरू होते. माणसासारखी शिंक येत नाही. खाज येते, तीही ठरलेल्या जागी: पंजे, काखा, पोट, तोंडाभोवती आणि कानांत. कानाची नळी म्हणजे त्वचाच. ती सुजते, मेण जास्त सुटतं, नळी अरुंद होते आणि यीस्टचं फावतं. दुसरी शक्यता अन्नाची. कुत्र्यांमध्ये गोमांस, दूध-दुभतं, चिकन आणि गहू ही त्रास देणारी नेहमीची अन्नं आहेत, आणि आपल्याकडच्या लॅबचं ताट म्हणजे दूध-पोळी नाहीतर चिकन-भात. अन्नाची ॲलर्जी ओळखायला रक्ताची तपासणी भरवशाची नाही. त्याने पूर्वी कधीच न खाल्लेलं एक प्रथिन, किंवा हायड्रोलाइज्ड (आधीच बारीक तुकडे केलेल्या) प्रथिनाचं खाद्य, किमान आठ आठवडे द्यायचं. त्या काळात बिस्किट नाही, पोळीचा तुकडा नाही, चवीची गोळी नाही. मग जुनं अन्न पुन्हा सुरू करून खाज परतते का ते बघायचं. एकत्र कुटुंबात हे अवघड जातं, हे मान्य. आजोबांचा चहात बुडवलेला एक पारले-जीसुद्धा आठ आठवड्यांचं काम वाया घालवू शकतो. त्रास फक्त पावसाळ्यात होत असेल तर अन्नाची शक्यता कमी; बारा महिने होत असेल तर वाढते. हे नीट आठवून डॉक्टरांना सांगा.

आता इतर वाचकांसाठी, कारण फुगलेला कान म्हणजे प्रत्येक वेळी ॲलर्जीच असं नाही.

गावठी, उभ्या कानांच्या कुत्र्यांतही हिमॅटोमा होतो, आणि त्यांच्यात आधी बघायचं ते गोचीड. कानाच्या घड्यांत आणि नळीच्या तोंडाशी गोचिडांचे घोस असतात. पिल्लांत आणि मांजरांबरोबर राहणाऱ्या कुत्र्यांत कानातले माइट्स: कान भरून काळसर, कोरडा, रवाळ मळ आणि भयंकर खाज. एकाला निघाले तर घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांना औषध द्यावं लागतं, नाहीतर ते फिरून येतात. पावसाळा संपल्यावर, माळावर गवत वाळू लागलं की कुसळं. सकाळी फिरायला गेलेला कुत्रा ठणठणीत, परत येताना एका बाजूला मान तिरकी करून वेड्यासारखा झटकतोय, असं दिसलं तर कानात कुसळ गेलं असं समजून त्याच दिवशी दवाखाना गाठा. चिमटा घालून स्वतः काढायला जाऊ नका. कुसळाचे काटे मागे वळलेले असतात, ते पुढेच सरकतं, कानाचा पडदा फोडूनही जातं. आणि म्हाताऱ्या कुत्र्याचा एकच कान वर्षानुवर्षं वाहत असेल, औषधाने तात्पुरता बरा होऊन पुन्हा फुटत असेल, तर नळीत मस किंवा गाठ आहे का, हे ऑटोस्कोप (कानात बघायचं दिव्याचं उपकरण) घालून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. तुमच्या लॅबचं वय पाहता ही तपासणी त्याचीही व्हायला हवी.

दुसरा गट रक्ताचा. मान झटकणं बेताचंच, पण रक्त मात्र जास्त साकळतं. गोचिडांमधून येणाऱ्या एर्लिशियाच्या तापात प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) घटतात, आणि आपल्याकडे हा आजार पुष्कळ दिसतो. शेतात, गोदामात ठेवलेलं उंदराचं औषध ब्रोमॅडायोलोनसारखं रक्त पातळ करणारं असेल आणि कुत्र्याने ते किंवा ते खाल्लेला उंदीर खाल्ला असेल, तर रक्तस्राव तीन ते पाच दिवसांनी दिसू लागतो. तोवर खाल्लेलं कुणाच्या लक्षातही राहत नाही. म्हणून कान फुगलेल्या प्रत्येक कुत्र्याचा ओठ वर करून हिरड्या बघा, पोटावरचे केस बाजूला करून त्वचा बघा. टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, जांभळे डाग, फिकट हिरड्या, नाकातून रक्त, डांबरासारखी काळी शी, यांपैकी काहीही दिसलं तर सुईही नको आणि ऑपरेशनही नको. आधी रक्त तपासा. प्लेटलेट साधारण दोन लाखांच्या वर असाव्यात. पन्नास हजारांच्या खाली असताना कानाला सुई लावणं म्हणजे संकट ओढवून घेणं. एर्लिशिया निघाला तर डॉक्सिसायक्लिन साधारण चार आठवडे चालतं. उंदराच्या विषावर व्हिटॅमिन के-१.

कान सुजला पण तो हिमॅटोमा नाही, असंही होतं. गरम, लाल, हात लावू न देणारी सूज, सोबत ताप आणि कुठेतरी दाताची खूण, तर चाव्याने झालेला पू. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे माणसाच्या हिशेबाने 'ताप आहे' म्हणू नका. गांधीलमाशी चावली तर तासाभरात तोंड, पापण्या, कान सगळंच सुजतं. श्वास घरघरला की थांबायचं नाही. जखमेत माशीने अंडी घातली असतील तर कुजका वास येतो आणि आत आळ्या वळवळताना दिसतात. काही आठवड्यांच्या पिल्लाचं तोंड आणि दोन्ही कान एकदम सुजले तर तो त्यांच्या वयाचा वेगळाच आजार आहे, त्याला स्टेरॉइड लागतं आणि ते डॉक्टरच ठरवतील.

तुमच्या लॅबकडे परत येते. आज, दवाखान्यात नेईपर्यंत, एवढं करा. जुन्या लेगिंगचा पाय किंवा मोठ्या मोज्याचा वरचा भाग कापून नळीसारखा घ्या. फुगलेला कान वर, डोक्यावर सपाट ठेवा आणि ही नळी डोक्यावरून मानेपर्यंत चढवा. डोळे मोकळे, नाक मोकळं, गळ्याशी दोन बोटं सहज जातील इतकी सैल. मान झटकली तरी कान आपटणार नाही, निम्मं काम तिथेच होतं. घरात कुणी नसेल तेव्हा ती काढून ठेवा. प्लास्टिकची गोल कॉलर मिळाली तर घाला. कॉलर झटकणं थांबवत नाही, पण पंजाचं खाजवणं थांबवते. कानात तेल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, माणसाचे ड्रॉप यांपैकी काही घालू नका. लसूण सुजलेल्या त्वचेला भाजतो, आणि तेलाच्या थराखालचा मळ तपासायला नीट मिळत नाही. माणसाचं ब्रुफेन, डायक्लोफिनॅक किंवा ॲस्पिरिन तर मुळीच देऊ नका. पहिली दोन कुत्र्यांच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक, ॲस्पिरिन रक्त गोठू देत नाही.

मेलॉक्सिकॅमच्या गोळीबद्दल डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता, आपणहून सांगा: कोणती, किती मिलिग्रॅमची, शेवटची कधी दिली. हिमॅटोमावर स्टेरॉइड हा एक चांगला उपाय आहे, आणि मेलॉक्सिकॅमबरोबर स्टेरॉइड गेलं तर पोटात अल्सर होऊन रक्तस्राव होऊ शकतो. दोन्हींमध्ये काही दिवसांचं अंतर लागतं, ते डॉक्टर ठरवतील. ही गोष्ट सांगायची राहून जाते, कारण सांध्यांची गोळी आणि कान यांचा संबंध कुणाच्या मनातच येत नाही.

दवाखान्यात तुम्ही काय मागायचं? कानाचा स्वॅब. कापसाची काडी नळीत फिरवून ती काचपट्टीवर उमटवायची, रंगवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. पंधरा मिनिटांचं, फारसं खर्चिक नसलेलं काम आहे. यीस्ट आहे की गोल जंतू आहेत की काडीच्या आकाराचे, यावर ड्रॉप ठरतात. तपकिरी, तेलकट, आंबूस वासाचा मळ बहुधा यीस्टचा. पिवळा-हिरवट पू, असह्य दुर्गंधी आणि कानाला हात लावताच किंचाळणं, हे स्यूडोमोनाससारख्या चिवट जंतूंचं लक्षण असू शकतं आणि तिथे कल्चर (जंतू वाढवून त्यांच्यावर कोणतं औषध चालतं हे बघणारी तपासणी) करून घ्यावं. डोळ्यांनी बघून अंदाज बांधता येतो, औषध मात्र स्वॅब बघूनच द्यावं. ऑटोस्कोपने कानाचा पडदा शाबूत आहे का तेही बघायला सांगा. फाटलेल्या पडद्यावर जेंटामायसिनसारखे ड्रॉप गेले तर ऐकू येणं कमी होऊ शकतं, तोल जाऊ शकतो.

आता पाळीचे पर्याय.

एक, रक्त काढून त्याच जागी स्टेरॉइड सोडणं, किंवा दोन-तीन आठवडे प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या उतरत्या मात्रेत. तुमच्याकडे दोनदा जे झालं ते अर्धंच. स्वच्छ हाताने, केस भादरून, औषध सोडून केलं तर पुष्कळ कानांना ऑपरेशन लागत नाही. आणखी एक फायदा असा की तेच स्टेरॉइड नळीची सूज आणि खाजही उतरवतं, म्हणजे झटकणंच कमी होतं. तोटे: तो खूप पाणी पिईल, रात्री लघवीला उठवेल, भुकेने मागे लागेल. मधुमेह किंवा जंतूंचा मोठा संसर्ग असेल तर हा रस्ता बंद. काही दिवसांनी पुन्हा थोडं भरलं तर एक-दोनदा परत करावं लागतं.

दोन, निचऱ्याची नळी. गाईच्या सडात घालायची छोटी प्लास्टिकची नळी पाळीच्या टोकाकडे बसवून दोन टाके घालतात, आणि दोन-तीन आठवडे ती पाझरत राहते. रक्त ताजं आणि पातळ असेल तरच उपयोग. गुठळ्या झाल्या की नळी तुंबते. गुरांचे दवाखाने जिथे आहेत तिथे हे सामान हमखास असतं, तरी हा पर्याय फार कमी वेळा सुचवला जातो.

तीन, ऑपरेशन. पाळीच्या आतल्या बाजूला सरळ किंवा नागमोडी छेद देतात, गुठळ्या काढतात, पोकळी धुतात, आणि त्वचा कूर्चेला चिकटून राहावी म्हणून साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर अंतराने टाक्यांच्या रांगा घालतात. हे टाके कानाच्या लांबीच्या दिशेने असायला हवेत. आडवे घातले तर रक्तवाहिन्या आवळल्या जाऊन कडा सुकू शकते. छेद मुद्दाम पूर्ण शिवत नाहीत. टाके दोन ते तीन आठवडे राहतात. या तिघांत भरवशाचा उपाय हाच, विशेषतः मोठी सूज, गुठळ्या आणि दोनदा फसलेली सुई असताना.

चार, काही न करणं. सासऱ्यांचं म्हणणं अगदी चुकीचं नाही: रक्त काही आठवड्यांत जिरतं. पण जिरताना आत जाड तंतू तयार होतात, कूर्चा आकसते आणि कान चुरगळून कायमचा कडक होतो. दिसायला बरं नाही एवढंच असतं तर मी फार आग्रह धरला नसता. पण चुरगळलेली पाळी नळीचं तोंड दाबते, हवा खेळत नाही, औषध आत जात नाही, आणि ज्याला ॲलर्जीमुळे कानाचा त्रास आयुष्यभर होणार आहे त्याच्यासाठी ते महाग पडतं. सूज छोटी असेल, किंवा हृदयाच्या आजाराने थकलेला कुत्रा असेल, तर नळीचा उपचार करून पाळीला तिच्या वाटेने जाऊ देणं हा समंजस निर्णय ठरतो. तुमचा लॅब त्या गटात बसत नाही.

भुलीची भीती खोटी नाही, पण वय हा आजार नाही. रक्ताची पूर्ण तपासणी, प्लेटलेट, यकृत-मूत्रपिंडाचे आकडे आणि हृदयाची तपासणी करून घ्या. ते आकडे सासऱ्यांना दाखवा. 'डॉक्टर म्हणाले' यापेक्षा कागदाचं वजन जास्त पडतं. बसवलेली सलाईन, नळीने दिलेला ऑक्सिजन आणि भुलीच्या वेळी नाडी-श्वास बघणारा दुसरा माणूस, हे तिन्ही जिथे आहे तिथेच करा. तुमच्या जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. परळ, नागपूर, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांप्रमाणे तिथेही लहान प्राण्यांचा उपचार होतो, आणि खर्च सहसा खासगीपेक्षा कमी येतो. आदल्या रात्रीच्या जेवणानंतर काही देऊ नका. पाणी किती वाजेपर्यंत चालेल ते विचारून घ्या.

माझं मत विचाराल तर, रक्ताचा अहवाल ठीक असेल, सूज पाळीच्या निम्म्याहून मोठी असेल आणि गुठळ्या हाताला लागत असतील तर ऑपरेशन. अजून मऊ, पातळ असेल तर एकदा नीट स्टेरॉइडचा उपाय करून दहा दिवस बघा. कोणत्याही रस्त्याने गेलात तरी नळीचा उपचार त्याच दिवशी सुरू झाला पाहिजे, नाहीतर टाके घातलेला कानही तो झटकून फोडेल.

ऑपरेशननंतर तीन ते पाच दिवस छेदातून लालसर पाणी येतं. भिंतींवर शिंतोडे उडतील, चादरी बदलाव्या लागतील. घाबरू नका, ते वाहायलाच हवं, सुकलेली खपली कोमट पाण्याने हलकेच पुसा. कॉलर टाके निघेपर्यंत दिवसरात्र. खरी खाज जखम भरताना, दुसऱ्या आठवड्यात सुटते, आणि 'बिचारा कंटाळला' म्हणून कॉलर काढली जाते तीही नेमकी तेव्हाच. डोक्याला पट्टी बांधली असेल तर कान पट्टीखाली कुठे आहे याची रेघ पेनाने पट्टीवर मारून घ्यायला सांगा. घरी पट्टी कापताना कात्रीने कानाचं टोक उडवल्याचे प्रकार होतात. पट्टी ओली झाली, वास मारू लागली, किंवा तो खालच्या जबड्याशी अस्वस्थ दिसला तर ती त्याच दिवशी बदलायची.

ड्रॉप घालण्याची पद्धतही बहुतेक घरांत चुकते. दोन थेंब टाकले की ते वरच्या मळातच राहतात. लॅबच्या नळीला साधारण अर्धा ते एक मिली लागतं. तुमच्या औषधाचं प्रमाण मिलीमध्ये विचारून घ्या आणि सुई नसलेल्या सिरिंजवर मोजा. आधी क्लीनर, डॉक्टर सांगतील तितक्या दिवसांनी एकदा: नळी भरेल इतका घालायचा, कानाच्या मुळाशी, गालामागे, वीस-तीस सेकंद चोळायचं. आत पचपच आवाज आला म्हणजे खालपर्यंत पोचलं. पाळीला टाके असताना पाळी ओढायची नाही, मुळाशीच हात ठेवायचा. त्याला झटकू द्यायचं, मात्र पाळी हाताने डोक्यावर धरून. दिसेल तेवढाच मळ कापसाने पुसायचा; काडी आत घालायची नाही, ती मळ वळणापलीकडे ढकलते. दहा-पंधरा मिनिटांनी औषध. वास चार-पाच दिवसांत जातो आणि तिथेच बाटली कपाटात जाते. जंतू मात्र तेव्हा अर्धेच मेलेले असतात. दोन आठवड्यांनी पुन्हा स्वॅब करा, काचपट्टी स्वच्छ दिसेपर्यंत औषध चालू ठेवा. बहुतेकांना दोन ते चार आठवडे लागतात.

गोचिडांची गोळी वेळेवर चालू नसेल तर तीही सुरू करा. फ्लुरालेनर, अफोक्सोलेनर या गटातली औषधं कानातल्या माइट्सनाही मारतात. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर ती घेण्याआधी सांगा. आयव्हरमेक्टिनचं गुरांचं इंजेक्शन गावात सहज देतात. कॉली जातीच्या किंवा तिचं रक्त असलेल्या कुत्र्याला ते जिवावर बेतू शकतं, म्हणून मोजल्याशिवाय कुणालाच नको.

आणि डॉक्टरांकडे जाल तेव्हा उजव्या कानाचाही स्वॅब घ्यायला सांगा. ॲलर्जी एका कानापुरती राहत नाही. डावा आधी फुगला, एवढंच.